जुलैत चिकटवलेले ब्रेस: ठाण्यात बांधलेली गिटार नागपूरला का फाटली

माझी दुसरी गिटार मी भाचीसाठी बांधली होती. ती नागपूरला बारावीत होती तेव्हा, दिवाळीला देऊ म्हणून मे अखेरीस सुरुवात केली आणि ऑक्टोबरात तारा चढवल्या. एप्रिलमध्ये गिटारीचा टॉप, म्हणजे पुढची पातळ फळी, फाटला. ब्रिजच्या (टॉपवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) खालच्या कडेपासून शेपटीकडे, जाड तारांच्या बाजूला, जवळपास १४ सेंटीमीटर सरळ रेघ. ताईने फोटो पाठवला तेव्हा मी ऑफिसमध्ये होतो आणि नंतरचे दोन तास मला काही सुचलं नाही, कारण पाच महिन्यांचे सगळे शनिवार-रविवार त्या गिटारीत गेले होते. हे सविस्तर लिहितोय कारण कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात घरी गिटार बांधणाऱ्या कुणाच्याही बाबतीत हे जसंच्या तसं घडू शकतं, आणि चूक जिथे होती तिथे मी सगळ्यात शेवटी पाहिलं.

आधी गिटार काय होती ते सांगतो. टॉप सिटका स्प्रूसचा, मधोमध जोडलेला, २.८ मिमी जाड. बॅक आणि साईड शिसवीच्या, म्हणजे आपलं सह्याद्रीतलं शिसम, बॅक २.५ मिमी आणि साईड २.१ मिमी. (अमेरिकेतली मार्टिन कंपनी १९६९ पासून ब्राझीलच्या लाकडाऐवजी हेच भारतीय शिसवी वापरायला लागली, त्यामुळे या लाकडाबद्दल मला तरी कधी कमीपणा वाटला नाही.) नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, तूनचा. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांना जे तून वापरतात तेच, महोगनीच्याच कुळातलं, हलकं आणि रंध्याखाली लोण्यासारखं चालणारं. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६४५ मिमी, टॉपला एक्स ब्रेसिंग (ब्रेस म्हणजे आतून चिकटवलेल्या लाकडी आधारपट्ट्या, मुख्य दोन इंग्रजी X सारख्या), ब्रेसची खालची कड २८ फुटांच्या त्रिज्येवर घासलेली म्हणजे टॉपला हलका फुगवटा येतो. ३९० मिमी रुंदीवर हा फुगवटा जेमतेम सव्वादोन मिमी असतो, डोळ्याला दिसत पण नाही, पण ७० किलोच्या वर ताण देणाऱ्या तारा त्याच्याच जिवावर उभ्या असतात. बॅकला १५ फूट त्रिज्या, तिथे फुगवटा चार मिमीच्या आसपास. पॉलिश म्हणजे चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने लावलेली.

पहिली गिटार मी जानेवारी ते मार्च या काळात बांधली होती, ती आजही माझ्याकडे ठाण्यात आहे आणि तिला काहीही झालेलं नाही. त्यामुळे माझी पद्धत बरोबर आहे असं मी धरून चाललो होतो, तीच पद्धत, तोच ग्लू, तेच साचे, फरक फक्त इतकाच की दुसरीचे टॉप-बॅकचे ब्रेस मी जुलैत चिकटवले.

फेब्रुवारीत पहिली तक्रार आली. भाचीचा फोन, "मामा, सहावी तार खराखरा वाजून राहिली, आणि नेकवर हात फिरवला की काहीतरी टोचून राहिलं." मी व्हिडिओ कॉल लावला. टोचत होती ती फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं. फ्रेटबोर्ड आकसला की धातूचा फ्रेट तेवढाच राहतो आणि त्याची टोकं कडेला बाहेर येतात, हे मला वाचून माहीत होतं, पण मी तिला म्हटलं की मे महिन्यात आलो की कानस मारून देतो, आणि तो विषय तिथेच सोडला. लक्ष सगळं खरखरीकडे. नेक सरळ होत गेला असेल असं वाटलं म्हणून भाचीकडून ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा बाक कमी-जास्त करणारा धातूचा दांडा) पाव फेरा सैल करून घेतला. आठवडाभर बरं वाटलं, मग परत खरखर, परत थोडा सैल. असे दोन महिने गेले.

हा निदानाचा भाग मी आज वेगळा करेन. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, तीच तार शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबायची आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते बघायचं. ती पाव मिमीच्या आसपास असेल तर नेक ठीक आहे. नेक ठीक असून बाराव्या फ्रेटवरची तारेची उंची कमी झाली असेल तर खाली बसलाय तो टॉप, आणि मग ट्रस रॉडला हात लावायचाच नाही. दुसरी तपासणी आणखी सोपी, स्टीलची पट्टी ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी ठेवायची. पट्टी मधे टेकून दोन्ही टोकांना डुगडुगली की फुगवटा शाबूत आहे, टोकांना टेकून मधे उजेड दिसला की टॉप आत गेलाय. भाचीकडे घरी शाळेची स्टीलची पट्टी होती, ही तपासणी तिने फोनवर मला दोन मिनिटांत करून दिली असती. मी ती करायला सांगितलीच नाही.

दिवाळीत बाराव्या फ्रेटला सहाव्या तारेची उंची २.५ मिमी होती, माझ्या वहीत लिहिलेली आहे. मे मध्ये मी नागपूरला पोचलो तेव्हा ती १.१ होती आणि पट्टीखाली मधे दीड मिमीचा उजेड.

आता ताईच्या घराचं सांगतो कारण ते महत्त्वाचं आहे. खालच्या हॉलमध्ये कूलर. भाचीची खोली वर गच्चीला लागून, तिथे कूलर नाही, गिटार भिंतीला खुंटीवर टांगलेली आणि ती भिंत पश्चिमेची. नागपूरला एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असते, आणि त्या खोलीत तर भिंतीला हात लावला तरी चटका बसत होता.

ताई म्हणाली, "अरे, उन्हानेच फाटली ना मग, आमचीच चूक." मी पण दोन दिवस तसंच समजत होतो. पण नागपूरला काय गिटारी नाहीत का, हजारो घरांत आहेत आणि सगळ्या काही फाटत नाहीत. तिच्या मैत्रिणीची कारखान्यातली गिटार तशाच वरच्या खोलीत होती, तिचीही ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, उतरली होती पण टॉपला चीर नव्हती. दुसरा संशय लाकडावर, की टॉप ओला असताना विकला गेला. पण तो सेट माझ्याकडे वर्षभर पडून होता, एवढं पातळ लाकूड वर्षभरात हवेशी जुळवून घेतंच. तिसरा संशय ग्लूवर. मी बल्ब आत सोडून साऊंडहोलमधून, म्हणजे टॉपच्या गोल भोकातून, आरसा फिरवला, प्रत्येक ब्रेसच्या टोकाखाली कागद सरकवून बघितला, एकही ब्रेस सुटलेला नव्हता. ग्लू घट्ट धरून होता, आणि त्याने घट्ट धरून ठेवलं म्हणूनच तर लाकूड फाटलं.

शेवटी वही उघडली. १३ जुलै, शनिवार, एक्स ब्रेस चिकटवले. खाली मी लिहिलं होतं, "टॅप टोन बोदा येतोय, पहिल्यासारखा वाजत नाही, लाकूड कमी प्रतीचं?" टॅप टोन म्हणजे फळीवर बोटाने टकटक केल्यावर येणारा आवाज. ते वाचलं आणि सगळं जागेवर बसलं. लाकूड कमी प्रतीचं नव्हतं, ते पाण्याने भरलेलं होतं.

लाकूड हवेतली वाफ घेतं आणि सोडतं. ८५ टक्के आर्द्रतेत स्प्रूसमध्ये त्याच्या कोरड्या वजनाच्या १७ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ४५ टक्क्यांत साडेआठ टक्के, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात दिवस-रात्रीची सरासरी धरली तरी पाच-सहा टक्के. पाणी गेलं की लाकूड आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीला, जवळपास शून्य आणि आडवं मात्र चांगलंच. टॉपसाठी वापरतो त्या क्वार्टर सॉन (ओंडक्याच्या मध्यापासून सालीच्या दिशेने कापलेल्या) सिटकाचं रुंदीतलं आकसणं पाण्याच्या दर एका टक्क्याला ०.१५ टक्के धरा. आता ३९० मिमी रुंदीचा टॉप १७ वरून साडेपाच-सहा टक्क्यांवर आला तर तो सहा मिमीपेक्षा जास्त आकसायला बघणार. तोच टॉप ४५ टक्के आर्द्रतेत, म्हणजे गिटार बांधायला योग्य हवेत, ब्रेस केलेला असता तर आकसणं पावणेदोन मिमीच्या आत राहिलं असतं. पावणेदोन मिमी फुगवटा थोडा बसून पचतात, सहा पचत नाहीत.

कारण टॉपला आतून ब्रेस चिकटलेले आहेत आणि ते टॉपच्या रेषांना तिरके किंवा आडवे जातात. ब्रेसची लांबी बदलत नाही, त्याला चिकटलेल्या टॉपची रुंदी कमी व्हायला बघते, मग आधी काय होतं तर फुगवटा सपाट होतो, मग टॉप आत जातो, आणि आत जायलाही जागा उरली नाही की सगळ्यात कमकुवत रेषेवर उकलतो. फेब्रुवारीची खरखर, बोचणारे फ्रेट आणि एप्रिलची चीर ही एकाच गोष्टीची तीन पावलं होती. बाहेरून पॉलिश असतं म्हणून लाकूड सुरक्षित आहे असं वाटतं पण पॉलिश वाफेला उशीर करतं, थांबवत नाही, आणि आतून तर टॉपला पॉलिश लावलेलंच नसतं. शिसवीचं आकसणं स्प्रूसपेक्षा बरंच कमी, म्हणून बॅक नुसती सपाट झाली, फाटली नाही.

मी गिटार तारा सैल करून विदर्भ एक्सप्रेसने ठाण्याला आणली. आणि इथे दुसरी चूक होता होता वाचली. ठाण्यात मे महिन्यातली दमट हवा, गिटार आठ दिवस नुसती दिवाणावर पडून होती आणि नवव्या दिवशी बघतो तर चीर मिटलेली! नख फिरवलं तरी लागत नव्हती. मोह असा की आता सरस भरा, आतून थिगळं लावा आणि मोकळे व्हा. पण ती मिटली होती कारण टॉप परत पाणी पिऊन फुगला होता. त्या अवस्थेत चिकटवली असती तर पुढच्या एप्रिलला नागपूरला ती तिथेच किंवा शेजारी परत उघडली असती. म्हणून गिटार आधी ४५ टक्क्यांवर न्यायची, तिथे चीर जेवढी उघडेल तेवढी ती खरी चीर, आणि तेवढं लाकूड नव्याने भरायचं.

त्यासाठी हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, आणला आणि आधी त्याची परीक्षा घेतली, ही परीक्षा प्रत्येकाने घ्यावी. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. आत आर्द्रता ७५ टक्के होते, मिठाचा तो स्वभावच आहे, दरवेळी ७५. माझा हायग्रोमीटर ८१ दाखवत होता, म्हणजे सहा वजा करून वाचायचं. ही वजाबाकी न करता मी काम केलं असतं तर ४५ समजून ३९ वर चिकटवलं असतं.

मग जुनं प्लायचं कपाट एसीच्या खोलीत ठेवलं, आत जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब (एलईडीचा इथे उपयोग नाही, तो तापतच नाही), बल्बभोवती जाळी, कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट. खोलीत २६ अंश आणि ५५ टक्के असेल तर कपाटात ३० अंश केले की ४४ टक्के येतात. १२ दिवस गिटार आत होती. तेराव्या दिवशी चीर ब्रिजपाशी अर्धा मिमीपेक्षा थोडी जास्त उघडी होती आणि शेपटीकडे निमुळती होत संपत होती.

भरायला लाकूड दुसरं आणावं लागलं नाही. टॉप कापताना कडेच्या ज्या पट्ट्या उरतात त्या मी फेकत नाही, माळ्यावर बांधून ठेवतो. त्याच फळीची पट्टी मिळाली, त्याच झाडाच्या रेषा. ती आठ दिवस कपाटात गिटारीबरोबर ठेवली होती. तिची एक कामटी काढली, १५ सेंटीमीटर लांब, वरून पाऊण मिमी आणि खाली धारेसारखी, आणि ती रंध्यावर करायची तर हातात धरता येत नाही, म्हणून रंधा उलटा धरून शिकंज्यात आवळला आणि कामटी त्याच्यावरून ओढत गेलो. सात तुटल्या, आठवी जमली. चीर कटरच्या नव्या पात्याने दोनदा हलकेच ओढून साफ केली म्हणजे कडा ताज्या झाल्या. सरस ६० अंशांवर पातळ करून चिरेत बोटाने चोळला, आतून बल्ब लावून ठेवला होता, चिरेतून येणारी उजेडाची रेघ कामटी बसत गेली तशी ब्रिजपासून एकेक सेंटीमीटर विझत गेली. शेवटचा ठिपका विझला तेव्हा मी श्वास सोडला.

आतून पाच थिगळं. स्प्रूसचे १२ मिमीचे चौकोन, दोन मिमी जाड, कडा घासून निमुळत्या केलेल्या, रेषा टॉपच्या रेषांना तिरक्या म्हणजे थिगळ स्वतः त्याच रेषेत फाटत नाही. हात १०० मिमीच्या साऊंडहोलमधून मनगटाच्या पुढे जातो पण ब्रिजमागे बोटं पोचतात फक्त दोन, म्हणून प्रत्येक थिगळाला आतून एक आणि बाहेरून एक ताकदवान मॅग्नेट, मधे बटर पेपर. बाहेरचा मॅग्नेट सरकवला की आतलं थिगळ त्याच्या मागे मागे सरकतं, अगदी मिमीपर्यंत जागेवर नेता येतं.

टॉप बदलायचा का, हा विचार खूप केला. ब्रेस ओल्या टॉपला लागलेले होते ते तर आता बदलता येत नाहीत, आणि ४५ टक्क्यांवर हा टॉप जवळपास सपाट आहे, फुगवटा परत येणार नाही. नवा टॉप म्हणजे बाईंडिंग (कडेला बसवलेली पट्टी) काढा, नेक काढा, परत चार महिने. भाची म्हणाली, "मामा, हीच पाहिजे मला, आवाज हाच पाहिजे." आवाज खरोखरच चांगला होता, कोरडी झाल्यावर जुलैतला बोदेपणा पूर्ण गेला होता. म्हणून टॉप ठेवला. ॲक्शन १.८ होती ती २.३ करायला हाडाचं नवीन सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, एक मिमी उंच केलं (बाराव्या फ्रेटला अर्धा मिमी हवा असेल तर सॅडल दुप्पट उचलावं लागतं), ट्रस रॉड मूळ जागेवर आणला, फ्रेटची टोकं घासली. लाख स्पिरिटमध्ये परत विरघळते त्यामुळे पॉलिशची डागडुजी दोन संध्याकाळींत झाली. कामटी तिरप्या उजेडात दिसते अजूनही, आणि दिसू दे.

ताईच्या घरी काय बदललं ते थोडक्यात. गिटार भिंतीवरून उतरून केसमध्ये, म्हणजे तिच्या पेटीत, गेली, केसमध्ये हायग्रोमीटर आणि साबणाच्या डबीला भोकं पाडून आत पिळलेला स्पंज. उन्हाळ्यात केस खालच्या हॉलमध्ये. कूलर हवेत पाणी सोडतो, सुक्या नागपुरात ती गिटारीसाठी चांगली गोष्ट आहे, फक्त कूलरच्या समोर झोतात ठेवायची नाही, कोपऱ्यात ठेवायची. पावसाळा लागला की स्पंज बाहेर.

दुरुस्तीनंतरच्या जुलैत माझ्या गॅलरीत हायग्रोमीटर टांगून ठेवला होता. महिनाभर रोज दोनदा लिहिलं, सगळ्यात कमी ८४, सगळ्यात जास्त ९१. अशाच हवेत मी आदल्या वर्षी ब्रेस चिकटवले होते.

तिसरी गिटार सध्या चालू आहे, ती पण पावसाळ्यातच, कारण सुट्ट्या तेव्हाच मिळतात. एसी नसलेल्यांसाठी सांगतो, २७ अंशांची ८५ टक्क्यांची हवा बंद कपाटात ३८ अंशांवर नेली की ४५-४६ टक्के होते, म्हणजे बल्बचं कपाट एकटं पण काम करतं. मी टॉप कपाटात ठेवण्याआधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलला, २६८ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी २५७, मग २५२, मग २५०, आणि पुढचे दोन दिवस २५०च. वजन थांबलं म्हणजे पाणी जायचं तेवढं गेलं. तेवढं पाणी, म्हणजे १८ ग्रॅम, जवळपास चार चमचे भरेल, त्या भाचीच्या गिटारीच्या टॉपमध्ये आतच होतं जेव्हा मी ब्रेस दाबले.

सहाव्या दिवशी रात्री एसी लावून ठेवला, खोलीत ४८ आले, टॉप बाहेर काढून बोटाने वाजवला, लख्ख वाजला, आणि लगेच ब्रेसवर ग्लू लावून ते दाबून धरायला बांबूच्या कामट्या छताच्या प्लायला टेकवून एकेक वाकवत बसवल्या, २२ कामट्या, पाच मिनिटांत. भाचीला फोटो पाठवला. तिने उलट तिच्या केसमधल्या हायग्रोमीटरचा फोटो पाठवला. नागपूरला पाऊस चालू होता, स्पंज काढलेला, आकडा ६८. या एप्रिलमध्ये, बाहेर ४३ अंश असताना, तो ४६ होता आणि बाराव्या फ्रेटला तार २.२.